चार दिवसांचे पत्ते

(वाराणसी येथील कार्यकर्ता शिबिरात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'अधिवेशनासाठी तात्पुरते इंटरनेट पत्ते' असा विषय छापलेला पाहून काही जणांनी चहाच्या वेळी मला विचारले, की महागाई भत्ता, पेन्शन, ठेकेदारी हे प्रश्न सुटले काय? सुटलेले नाहीत. त्यांवर उद्याचा अख्खा दिवस ठेवलेला आहे. पण काल याच सभागृहात काय झाले ते तुम्ही पाहिले. नोंदणी सुरू झाली तेव्हा नेट व्यवस्थित चालत होते. अकरानंतर जे साथी आले त्यांच्या फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि नेट मात्र बंद. कोणी म्हणाले लाईन बारीक दिली, कोणी म्हणाले पैसे वाचवले, कोणी तर व्यवस्थापकाची गचांडी धरायला निघाले होते.

दोष लाईनचा नव्हता. सभागृहाच्या भिंतीवर जो डबा लावला आहे त्याच्याकडे वाटायला अडीचशेच्या आसपास आकडे होते. फोन नेटला जोडला की डबा त्याला एक आकडा देतो. तो त्याचा पत्ता. हा पत्ता किती वेळासाठी द्यायचा, हे आधी ठरवून ठेवलेले असते. इथे ती मुदत पूर्ण एक दिवसाची होती. आपण तीनशेच्या वर माणसे, बऱ्याच जणांकडे दोन फोन. सकाळी नाव नोंदवून जो साथी दशाश्वमेध घाटावर स्नानाला गेला, त्याच्या नावावरचा आकडाही दिवसभर त्याच्याचकडे राहिला. तो गंगेत डुबकी मारतो आहे आणि इथे त्याचा पत्ता अडकून पडला आहे. मग नंतर येणाऱ्याला मिळणार कुठून? सभागृहाचे विजेचे काम पाहणाऱ्या तरुणाने दुपारी मुदत अर्ध्या तासावर आणली, आकड्यांचा साठा हजारापर्यंत वाढवला, आणि एक नवा पैसा खर्च न होता काम चालू झाले.

मी मॅट्रिक झालेला माणूस. सिग्नल-टेलिकॉम खात्यात खलाशी म्हणून लागलो, कंट्रोल फोनच्या तारा ओढल्या. संगणकाची मोठी विद्या मला नाही. पण वस्तू थोडी असेल, मागणारे जास्त असतील आणि प्रत्येकाला ती थोड्याच वेळासाठी हवी असेल, तर वाटप कसे करायचे हा प्रश्न आपण आयुष्यभर हाताळत आलो आहोत. जे या एका डब्यात झाले तेच साऱ्या जगाच्या इंटरनेटमध्ये झालेले आहे, म्हणून हा विषय मी घेतला.

आधी पत्ता म्हणजे काय ते पाहू. टपालातल्या साथींना हे सांगताना संकोच वाटतो, कारण ती तुमचीच विद्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी या देशात पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि संस्कृतचे कवी. २२१००१ असे पाकिटावर असले की मुंबईच्या सॉर्टरला वाराणसीची गल्ली माहीत असण्याची गरज नाही. पहिला आकडा दोन पाहिला की पाकीट उत्तर प्रदेशाकडे, पहिले तीन पाहिले की वाराणसीच्या थैलीत, आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टासाठी. पुढचे इथल्या पोस्टमनने पाहायचे, ज्याला के., डी., सी.के. अशा अक्षरांच्या घरनंबरांवरून काशीच्या बोळांतले दार सापडते.

इंटरनेटचा पत्ता याच धाटणीचा आहे. चार आकडे, प्रत्येक शून्य ते दोनशे पंचावन्नपर्यंत, मध्ये टिंब. पुढचे आकडे जाळे सांगतात, मागचे त्या जाळ्यातले यंत्र. ही रचना १९८१ मध्ये ठरली तेव्हा संगणक मोजके होते. अशा पद्धतीने एकूण पत्ते होतात ४२९ कोटींच्या थोडे वर. आज जगात माणसे त्याच्या जवळपास दुप्पट आणि यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा कोणाला हे दिसले नाही म्हणून मी त्यांना बोल लावणार नाही. दादरचा पूल बांधताना तरी आजची गर्दी कोणी मोजली होती?

एका वेळी एका पत्त्यावर एकच मालक, हा यातला पहिला नियम. एकेरी मार्गावर काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. नील्सच्या यंत्रातून टोकनचा गोळा बाहेर काढला, की तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. दोन गाड्यांना एकाच सेक्शनचा गोळा मिळाला तर काय होईल ते सांगायला नको. इथे माणसे मरत नाहीत, पण एकाच पत्त्यावर दोन जाळी उभी राहिली की माल कोणाकडे जाईल याचा भरवसा उरत नाही.

मग घराघरात एवढे फोन चालतात कसे? त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : 'मार्फत'. चाळीचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे चाळीस. पाकिटावर मार्फत अमुक असे लिहिले की चाळीपर्यंत पोस्टमन आणतो, आतले घरमालक पाहतो. १९२.१६८ ने सुरू होणारे जे आकडे तुमच्या फोनमध्ये दिसतात, ते या आतल्या खोल्यांचे नंबर. १९९६ मध्ये असे काही आकडे आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. खोली नंबर पाच गिरगावातही असते आणि परळलाही असते, भांडण होत नाही, कारण तो नंबर उंबऱ्याबाहेर जात नाही. आपल्या या शिबिराला एवढे पुरते. लाईन देणाऱ्या कंपनीने बाहेरचा एक पत्ता दिला, आतले आकडे डब्याने वाटले.

पण मोठी परिषद असली की 'मार्फत' अपुरे पडते. दोन हजार माणसे एकाच पत्त्यामागून एकाच वेळी रेल्वेच्या तिकिटाच्या ठिकाणी किंवा बँकेच्या ठिकाणी गेली, तर समोरच्या यंत्राला वाटते की हा एकच माणूस दोन हजार वेळा दार ठोठावतो आहे. ते दार लावून घेते. बाहेरून आत कोणाला थेट जोडायचे असेल तर तेही अवघड, कारण बाहेरच्याला चाळ दिसते, बिऱ्हाड दिसत नाही. म्हणून मोठ्या परिषदांना खरे, बाहेरचे पत्ते हवे असतात, आणि तेही हजारांनी, आणि तेही चार-पाच दिवसांसाठी. चार दिवसांसाठी हजारो पत्ते द्यायचे कोणी, कोणत्या साठ्यातून, आणि परत घ्यायचे कसे, हा खरा प्रश्न.

वाटप करणारी जगात पाच नोंदणी कार्यालये आहेत. युरोपचे ॲमस्टरडॅमला, उत्तर अमेरिकेचे अमेरिकेत, आशिया-पॅसिफिकचे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, त्याचे नाव एपनिक. आपल्या देशात २०१२ पासून निक्सी या संस्थेखाली आय.आर.आय.एन.एन. नावाचे कार्यालय हे काम करते. ही कार्यालये सरकारी खाती नाहीत. युरोपातले किंवा ब्रिस्बेनचे घ्या : सभासदांच्या वर्गणीवर चालते, नियम उघड्या बैठकीत चर्चा करून ठरतात, आणि पत्ता मिळाला म्हणजे मालकी मिळाली असे ते मानत नाही. गरज आहे तोवर वापरा, असा करार. रेल्वे क्वार्टर्ससारखे समजा. राहता तोवर तुमचे, पण विकता येत नाही.

निदान सुरुवातीला सगळे असेच मानत. पुढे काय झाले ते दोन गोष्टींवरून सांगतो, दोन्ही एका वर्षाच्या आतल्या.

अमेरिकेत इंटरॉप नावाचे एक प्रदर्शन भरे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सान होजे इथे त्याचे पहिले मोठे प्रदर्शन झाले, पुढे ते मुंबईतही भरले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतात का, हे तिथे सर्वांसमोर जोडून दाखवत. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणचे इंजिनीयर स्वेच्छेने येत, काही दिवसांत हजारो फूट तारा ओढून जाळे उभे करत आणि प्रदर्शन संपले की गुंडाळत. मंडप घालणाऱ्यांचेच काम म्हणा. या काही दिवसांच्या मंडपाला त्या काळच्या उदार हिशेबाने किती पत्ते मिळाले होते? ४५ या आकड्याने सुरू होणारे सगळे. म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक! वर्षातून काही आठवडे वापर, बाकी वर्षभर कुलूप. ऑक्टोबर २०१० मध्ये, साठा संपत आल्याचे दिसत असताना, त्यांनी थोडासा भाग ठेवून सुमारे नव्याण्णव टक्के पत्ते अमेरिकेच्या नोंदणी कार्यालयाला परत केले. मोबदला घेतला नाही. जगाची तेव्हाची भूक अशी होती की एवढा मोठा साठाही जेमतेम महिन्याभराचा शिधा. तरी त्यांनी दिला.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच भाग पाच कार्यालयांना एकेक वाटून दिले गेले आणि कोठार रिकामे झाले. १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या एपनिकचा नेहमीचा साठाही संपला, पाचांत सर्वांत आधी. आशियात माणसे जास्त आणि आपण रांगेत उशिरा लागलो, दुसरे काय!

त्याच वसंतात दुसरी गोष्ट घडली. नॉर्टेल ही कॅनडाची टेलिफोन यंत्रे बनवणारी मोठी कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. तिच्या कपाटात ६,६६,६२४ पत्ते सापडले. ते मायक्रोसॉफ्टने पंच्याहत्तर लाख डॉलरना घेतले, पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. पैसे देणेकऱ्यांच्या ढिगात जमा झाले. नॉर्टेलचे निवृत्त कामगार मात्र आपल्या पेन्शनसाठी पुढची कित्येक वर्षे कोर्टाच्या दारात उभे होते, आणि कंपनी विकून आलेल्या रकमेची वाटणी सुरू व्हायला २०१७ उजाडले. जी वस्तू कंपनीला फुकट मिळाली होती, गरजेपुरती वापरायला म्हणून मिळाली होती, तिला भाव आला. पुढे हा भाव वाढत २०२१च्या सुमारास पन्नास डॉलरपर्यंत गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विद्यापीठाने आपल्या दीडेक कोटीच्या साठ्यातले लाखो पत्ते विकायला काढले, ते ॲमेझॉनने घेतले.

विक्रीच्या बाजूनेही बोलणारे आहेत, त्यांचेही ऐकावे. ते म्हणतात, भाव आल्यामुळे तरी कुलपात पडलेले पत्ते बाहेर आले, नाहीतर कोण परत करणार होते? यात तथ्य आहे. इंटरॉपसारखे किती निघाले, तर बोटांवर मोजण्याइतके. पण बाजारातून ज्याला मिळाले तो कोण, हे पाहा. ज्याच्याकडे डॉलर तो. चार दिवसांचे संमेलन भरवणारी शिक्षकांची संघटना, आपले महासंघ, एखादी यात्रा समिती, यांना त्या बाजारात उभे राहायला जागा नाही. म्हणून मला युरोपच्या कार्यालयाने केलेली व्यवस्था जास्त पटते.

त्यांनी सुमारे सव्वापाच लाख पत्ते, १५१.२१६ पासून सुरू होणारे, बाजूला काढून ठेवले. ते कायमचे कोणालाच द्यायचे नाहीत. परिषद, मेळावा, थोड्या मुदतीचा प्रयोग, अशांनाच द्यायचे आणि परत घ्यायचे. कार्यक्रम कोणता, किती दिवस, पत्ते किती, हे अर्जात लिहावे लागते. मुदत संपली की पत्ते साठ्यात आणि पुढच्याला. जर्मनीत आणि हॉलंडमध्ये संगणकवेडी मंडळी उन्हाळ्यात शेतात तंबू ठोकून हजारोंच्या संख्येने जमतात, त्यांच्या तंबूंना हे पत्ते मिळतात. आपल्या रेल्वेत हे जुनेच आहे. पाच आकडी क्रमांक डिसेंबर २०१० मध्ये आले तेव्हा शून्याने सुरू होणारे क्रमांक विशेष गाड्यांसाठी राखले गेले. आषाढीला पंढरपूरची विशेष गाडी सुटते, शून्याचा क्रमांक घेते, यात्रा संपली की क्रमांक मोकळा. नेहमीच्या गाडीचा क्रमांक कोणी ओरबाडत नाही.

शून्याच्या क्रमांकाचे दुसरे रूपही आपण पाहिले. कोविडच्या काळात नेहमीच्या गाड्या विशेष म्हणून धावल्या आणि नेहमीचे क्रमांक परत यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. 'तात्पुरते' हा शब्द लावला आणि परतीची तारीख लिहिली नाही, की असे होते. ब्लॉक घेतानाही इंजिनीयरिंगवाले तीन तास म्हणून रूळ घेतात आणि वेळेवर सोडला नाही तर कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात. पत्त्यांच्या समूहालाही इंग्रजीत ब्लॉकच म्हणतात हे मला अलीकडे समजले, आणि फार आवडले.

तात्पुरत्या पत्त्यांची एक अडचण पोस्टमन साथींच्या रोजच्या अनुभवातली आहे. भाड्याच्या खोलीत नवा भाडेकरू आला तरी जुन्याच्या नावाची वसुलीची पत्रे येतच राहतात. तसे या पत्त्यांचे होते. आधीच्या मेळाव्यात कोणी त्या पत्त्यावरून जाहिरातींचा कचरा पाठवला असेल, तर काळ्या यादीत पत्ता जातो आणि पुढच्या सभ्य माणसाची पत्रेही अडवली जातात. दुसरे म्हणजे, कोणता पत्ता कोणत्या शहरात आहे याच्या याद्या काही कंपन्या ठेवतात. तेच पत्ते घेऊन देशोदेशी भरणाऱ्या परिषदांमध्ये नव्या गावी पोचलेल्या माणसाला फोन अजून मागच्या गावचा नकाशा दाखवतो. म्हणून शहाणे आयोजक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पत्ते घेत नाहीत, आधी घेऊन या याद्या दुरुस्त करून ठेवतात. मुदत मागताना हे आधीचे दिवस धरून मागावेत.

त्याहून गंभीर गोष्ट आता सांगतो, कारण ती तुमच्या-माझ्या नोकरीवर येऊ शकते. समजा या सभागृहातून कोणी फोनवरून बेकायदा उद्योग केला. तीन महिन्यांनी पोलीस येतील, त्यांच्या हातात एक पत्ता आणि एक वेळ असेल. पत्ता तात्पुरता, त्यामागे तीनशे माणसे. त्या मिनिटाला तो कोणाकडे होता, हे सांगणारी वही नसेल तर संशय कोणावर जाईल? ज्याचे नाव आयोजक म्हणून पावतीवर आहे त्याच्यावर, किंवा ज्याच्यावर व्यवस्थापनाचा आधीच डोळा आहे त्याच्यावर. स्टेशन मास्तर ट्रेन रजिस्टरमध्ये गाडी आल्या-गेल्याचे मिनिट का लिहितो? अपघातानंतर निरपराध माणूस त्या वहीने सुटतो. संगणक सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये अशा नोंदी १८० दिवस ठेवण्याचे निर्देश काढले. नोंद असावी, याला माझी ना नाही. पण त्या नोंदीत कोणी कोणाशी काय बोलले हे नको. कोणत्या यंत्राकडे कोणता पत्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढेच हवे, आणि मुदत संपल्यावर वही नष्ट. युनियनच्या सभेची हजेरी दुसऱ्या मार्गाने कोणाच्या टेबलावर जायला नको.

आता काही जण म्हणतील, नव्या पद्धतीचे पत्ते आले आहेत ना, मग जुन्यांसाठी एवढे रडगाणे कशाला? खरे आहे. नवी पद्धत १२८ अंकांच्या साखळीची आहे आणि तिच्यात पत्ते इतके, की ३४ वर सदतीस शून्ये द्यावी लागतात. एका परिषदेला दिलेले नवे पत्ते मोजायला बसलात तर निवृत्त व्हाल. आणि अभिमानाची गोष्ट अशी की जुने पत्ते हाती फारसे नसल्यामुळेच भारत या नव्या पद्धतीत जगाच्या पुढे गेला. २०१६ नंतरच्या मोबाईल जाळ्यांनी ती पहिल्यापासून घेतली, आणि आज देशातले सत्तर टक्क्यांच्या आसपास वापरणारे नव्या पत्त्यांवर आहेत. गरिबाघरच्या मुलाने रॉकेलच्या दिव्याखाली जास्त अभ्यास करावा तसे झाले. पण पलीकडची सगळी दारे अजून नव्या पत्त्याला उघडत नाहीत. काही कचेऱ्यांची, काही जुन्या यंत्रांची दारे फक्त जुन्यालाच ओळखतात. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज येत असताना मधली वर्षे दोन्ही रूळ सांभाळावे लागले होते. तसे इथेही आहे. आशियात नव्या संस्थेला आता जुने पत्ते जास्तीत जास्त ५१२ मिळतात, २०१९ पासून तेवढेच. त्यामुळे मंडप घालणाऱ्याला दोन्ही मागावे लागतात : नवे भरपूर, जुने मोजून.

या काशीत तात्पुरती शहरे नवी नाहीत. १९०५च्या डिसेंबरात आपले गोपाळ कृष्ण गोखले इथे काँग्रेसचे अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये प्रवासी भारतीय दिवस इथे भरला, तेव्हा ऐढे इथे तंबूंचे गाव वसवले होते. शेजारी प्रयागराजला २०२५च्या महाकुंभासाठी सरकारने मेळ्याचा भाग काही महिन्यांसाठी वेगळा जिल्हाच जाहीर केला. असा जिल्हा उभा राहतो तेव्हा तिकिटाच्या जादा खिडक्या लागतात, तंबूत टपालाची खिडकी लागते, आणि त्या सगळ्यांना नेट लागते. ते कोणी नीट आखले नाही, पत्ते कमी पडले, डबा एका दिवसाच्या मुदतीवर राहिला, तर बंद पडलेल्या खिडकीमागे कोण बसलेले असते? आपला बुकिंग क्लार्क, आपली काउंटरवरची भगिनी. लोक राउटरला शिव्या देत नाहीत.

आणि ज्यांनी त्या तारा ओढलेल्या असतात ते कोण? ठेकेदाराची मुले. महिना-दीड महिना कामावर, मेळा उठला की घरी. पत्ता तात्पुरता असावा असे मी तासभर सांगतो आहे, कारण पत्त्याला पोट नसते. माणसाचे तसे नाही. रेल्वेच्या प्रकल्पांवर वर्षानुवर्षे राबलेल्या कॅज्युअल मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८५ मध्ये इंदरपाल यादव खटल्यात निकाल लागला आणि ३६० दिवस सलग काम केलेल्यांना टेम्पररी स्टेटस देऊन टप्प्याटप्प्याने सामावून घेणे रेल्वेला भाग पडले. आज इथे बसलेल्यांपैकी काहींचे वडील त्या निकालावर कायम झाले आहेत. टपालातही त्या 'स्टेटस'साठी किती अर्ज, किती धरणी झाली ते तुम्हांला ठाऊक आहे. पत्ता दर मेळ्याला नवा घ्या, पण तारा ओढणारा मुलगा दर मेळ्याला नवा आणि प्रत्येक वेळी पहिल्या दिवसाच्या मजुरीवर, हे चालणार नाही. त्याच्या कामाच्या दिवसांची नोंद पत्त्यांच्या नोंदीइतकी तरी काटेकोर हवी.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी इथले साथी या शिबिराला आलेले आहेत, आणि नाशिकचे टपालवालेही आहेत. त्यांच्यासाठी मी एक कागद तयार केला आहे. त्यात प्रशासनाला विचारायचे प्रश्न आहेत : मेळ्याच्या जादा खिडक्यांना वेगळी लाईन असणार की यात्रेकरूंच्या फुकट वायफायवरच त्यांना लोटणार? पत्त्यांची मुदत किती? जुने किती, नवे किती? तारा ओढणाऱ्यांची हजेरी कोण ठेवणार, ठेकेदार की खाते? आणि मेळा संपल्यावर जाळे कोणत्या तारखेला उतरवणार? हा कागद रेल्वेच्या आणि टपालाच्या दोन्ही संघटनांनी मिळून द्यावा, वेगवेगळा नको. प्रती मराठीत आहेत, जेवणाच्या सुट्टीत नोंदणीच्या टेबलावर मिळतील. सह्या आजच कराव्यात, कारण नाशिकचे साथी रात्रीच्या गाडीने परत निघणार आहेत.